खान्देशातील शाश्वत वास्तुरचना

खान्देशातील शाश्वत वास्तुरचना म्हणजे महाराष्ट्राच्या जळगाव व धुळे जिल्ह्यांतील तीव्र उन्हाळा, काळी माती व भूकंपाची शक्यता यांना अनुरूप अशी, कमीत कमी ऊर्जा आणि साधनसामग्री वापरून केलेली इमारतींची रचना. या प्रदेशातील पारंपरिक धाब्याच्या घरात भार पेलणे आणि उष्णता रोखणे ही दोन्ही कामे एकाच मातीच्या जाड थराकडे होती. त्यामुळे घर थंड राहत असे, परंतु छपराचे वजन वाढून भूकंपातील धोकाही वाढत असे. आधुनिक वास्तुरचनेत संरचना-अभियांत्रिकीची तत्त्वे आणि संगणकीय साधने एकत्र वापरून या दोन गरजांचा मेळ घातला जातो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न मुख्यतः छपराच्या अनुषंगाने मांडला आहे.

प्रदेश आणि हवामान

ब्रिटिश काळातील खान्देश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खान्देश व पश्चिम खान्देश असे विभाजन झाले. त्यांतून पुढे अनुक्रमे जळगाव व धुळे हे जिल्हे आले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तापी नदीचे खोरे, उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा अशी प्रदेशाची सर्वसाधारण ठेवण आहे.

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव व भुसावळ येथील कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते. हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्याने दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक पडतो. पावसाळ्यात मात्र हवेतील आर्द्रता वाढते. म्हणून केवळ कोरड्या उन्हाळ्यासाठी योजलेले उपाय वर्षभर पुरे पडत नाहीत.

ही दोन्ही शहरे साधारणपणे २१ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडी दक्षिणेस आहेत. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. हे दिवस ‘शून्य सावली दिवस’ म्हणून ओळखले जातात. उन्हाळ्यात भर दुपारी भिंतींपेक्षा छपरावरच अधिक ऊन पडते. डिसेंबरच्या उत्तरार्धात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. यामुळे दक्षिणेकडील खिडकीला लहान छज्जाही उन्हाळ्यात पुरतो आणि हिवाळ्यातील ऊन त्याखालून आत येऊ शकते. पश्चिमेचे ऊन तिरपे येत असल्याने ते आडव्या छज्जाने अडत नाही. त्यासाठी झाडे, उभे पडदे, जाळी किंवा त्या बाजूस कमी खिडक्या ठेवणे हे उपाय योजतात.

धाब्याचे घर

मातीच्या सपाट छपराला खान्देशात ‘धाबे’ म्हणतात. मराठवाड्यात अशाच छपरास ‘माळवद’ हा शब्द रूढ आहे. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट किंवा आडव्या फांद्या, त्यांवर पालापाचोळ्याचा थर आणि शेवटी मातीचा जाड थर अशी त्याची साधारण रचना असते. भिंती मातीच्या, कच्च्या विटांच्या किंवा चिखलात रचलेल्या दगडांच्या असतात. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती पसरण्याची पद्धत होती. सोडियमचे क्षार असलेली चिकणमाती ओली झाली की तिचे कण सुटे होऊन फुगतात व मातीतील सूक्ष्म छिद्रे बुजवतात. त्यामुळे पाणी खाली न मुरता उताराने पन्हळीकडे वाहून जाते.

दोन तुळयांमधील अंतराला ‘खण’ म्हणतात. घराचा आकार खणांच्या संख्येत सांगण्याच्या प्रथेमागे संरचनेचे एक तत्त्व आहे. समान भार वाहणाऱ्या कडीची लांबी निम्मी केली, तर तिला वाकवणारा जोर एक चतुर्थांश होतो आणि तिचा झोल एक षोडशांश होतो. त्यामुळे खण अरुंद ठेवल्यास बाभूळ किंवा निंबासारख्या स्थानिक झाडांच्या आखूड लाकडावरही मातीचा भार पेलता येतो. अधिक रुंद खोलीसाठी सागाच्या मोठ्या तुळया लागत.

ओलावा हा या बांधकामाचा मोठा शत्रू होय. १८७२ मध्ये पांझरा नदीच्या पुराने धुळे शहरातील घरांचे मोठे नुकसान केले होते. पूर नसला तरी गळके धाबे, वाळवी लागलेल्या तुळया आणि पायथ्याशी ओल धरलेल्या भिंती यांमुळे घर कमकुवत होते. दरवर्षीची डागडुजी हा अशा घराच्या देखभालीचा अटळ भाग असे.

औष्णिक वर्तन

छपराची उष्णता रोखण्याची क्षमता दोन प्रकारे मोजतात. पहिले मोजमाप म्हणजे यू-मूल्य. आतील व बाहेरील तापमानात एक अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छपरातून किती वॅट उष्णता जाते, हे त्यावरून कळते. ते जितके कमी, तितके छप्पर अधिक उष्णतारोधक असते. दुसरे मोजमाप म्हणजे कालविलंब. छपराच्या वरच्या पृष्ठभागावरील उष्णतेची लाट खालच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यास लागणारा वेळ असा त्याचा अर्थ आहे.

भारतीय प्रमाण संदर्भांतील पदार्थांचे गुणधर्म घेऊन साध्या सूत्रांनी केलेली तुलना पुढीलप्रमाणे आहे. आकडे ढोबळ असून छपराची जाडी उदाहरणादाखल घेतली आहे.

| छपराचा प्रकार | वजन (किलो प्रति चौ. मी.) | यू-मूल्य (वॅट प्रति चौ. मी. प्रति केल्विन) | कालविलंब |
|---|---|---|---|
| पत्रा (०.५ मिमी) | सुमारे ४ | सुमारे ४.८ | नगण्य |
| सिमेंट काँक्रीटचा स्लॅब (१२० मिमी) | सुमारे ३०० | सुमारे ३.५ | सुमारे ३ तास |
| लाकडी पाटांवर मातीचे धाबे (३०० मिमी) | सुमारे ४९० (माती कोरडी असताना, लाकूड वगळून) | सुमारे १ | सुमारे ११ तास |
| स्लॅबवर ५० मिमी उष्णतारोधक फोमचा थर | ३०० हून थोडे अधिक | सुमारे ०.६ | ३ तासांहून अधिक |

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘इको-निवास संहिता’ या निवासी इमारतींच्या संहितेत छपराचे यू-मूल्य १.२ पेक्षा अधिक नसावे अशी मर्यादा आहे. वरील गणितानुसार उघडा स्लॅब व पत्रा ही मर्यादा ओलांडतात, तर पुरेसे जाड धाबे तिच्या आत बसते.

जाड धाब्यामुळे खोलीतील तापमान दिवसरात्रीच्या सरासरीच्या जवळ स्थिर राहते. म्हणून दुपारी घर बाहेरच्यापेक्षा पुष्कळ थंड असते. रात्री मात्र बाहेरचे तापमान त्या सरासरीच्या खाली उतरते आणि घर तुलनेने ऊबदार वाटते. निरभ्र आकाशाखाली उघडा पृष्ठभाग उष्णता उत्सर्जित करून लवकर निवतो. उन्हाळ्यात दिवसा घरात राहणे आणि रात्री धाब्यावर झोपणे या जुन्या रीतीचे स्पष्टीकरण येथे मिळते. स्लॅबच्या घरात दुपारच्या उष्णतेची लाट तीन तासांनी, म्हणजे संध्याकाळी आत पोहोचते. तिची तीव्रताही फारशी कमी झालेली नसते. त्यामुळे कुटुंब घरी जमते त्याच वेळी छत तापलेले असते.

भार आणि भूकंप

उष्णता रोखणारे वजन भूकंपात बाधक ठरते. भूकंपात जमिनीला त्वरण मिळते आणि इमारतीवर येणारे आडवे बल तिच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते. भारतीय मानक आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तापी खोऱ्याचा हा भाग भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात मोडतो. १४ मार्च १९३८ रोजी सातपुडा परिसरात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता.

उदाहरणार्थ, ४ मीटर × ६ मीटर खोलीवर ३०० मिमी जाडीचे धाबे असल्यास कोरड्या मातीचेच वजन सुमारे ११.७ टन भरते. वरील मानकाच्या सूत्रानुसार तिसऱ्या विभागात, सळया नसलेल्या ठेंगण्या व ताठर चिनाई बांधकामासाठी, वजनाच्या सुमारे १३ टक्के आडवे बल धरावे लागते. म्हणजे केवळ छपरामुळे भिंतींच्या माथ्यावर सुमारे दीड टनाचा आडवा जोर येतो. चिखलात रचलेली भिंत दाब चांगला सोसते, पण ताण सोसू शकत नाही. आडव्या जोराने ती बाहेरच्या बाजूस कलते किंवा कोपऱ्यात उभी फाटते.

या धोक्याचे गंभीर उदाहरण महाराष्ट्रात मराठवाड्यातील किल्लारी येथे दिसले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या ६.२ तीव्रतेच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार हे जीवितहानीचे प्रमुख कारण ठरले. काही घरांत भिंती ढासळल्या, तरी स्वतंत्र लाकडी खांबांवर तोललेले छप्पर उभे राहिले. भार वाहणारा सांगाडा आणि खोली बंदिस्त करणारी भिंत यांची कामे वेगळी ठेवण्याचे महत्त्व त्यातून स्पष्ट झाले.

धाब्याची आणखी एक अडचण म्हणजे त्याचे वजन स्थिर नसते. दरवर्षी जुनी माती न काढता नवी टाकली, तर थर वाढत जातो. पावसात माती भिजली की भारात आणखी भर पडते. त्याच काळात लाकूडही ओलाव्याने कमजोर झालेले असू शकते.

हलक्या छपराचे प्रश्न वेगळे आहेत. पत्र्याच्या छपरावर भूकंपाचे बल अत्यल्प येते, परंतु मान्सूनपूर्व वादळात वारा ते वर उचलतो. अशा वेळी पत्रा, वासे, भिंत व पाया यांना खालपर्यंत बांधून ठेवणारे जोड आवश्यक असतात.

जमीन आणि पाया

तापी खोऱ्यातील काळी कापसाची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीने उथळ पायावरील घराच्या भिंतींना तिरप्या भेगा पडतात. मातीची फुगण्याची क्षमता प्रयोगशाळेत तपासून पायाचा प्रकार ठरवतात. काळी माती खोदून मुरूम भरणे, ओलावा फारसा बदलत नाही त्या खोलीपर्यंत पाया नेणे, किंवा तळाशी फुगीर घेर असलेले खोदीव खुंट वापरणे हे प्रचलित उपाय आहेत. अशा खुंटांचे तंत्र रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने भारतीय परिस्थितीसाठी विकसित केले. घराभोवती उताराची फरसबंदी करून पाणी भिंतीपासून दूर नेणे हा तुलनेने स्वस्त आणि उपयुक्त उपाय आहे.

स्थानिक साहित्य

भुसावळजवळील दीपनगर येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. कोळशाच्या ज्वलनातून निघणारी राख विटा, ठोकळे आणि पोझोलाना सिमेंट यांसाठी वापरता येते. भारतीय मानकानुसार राखमिश्रित पोझोलाना सिमेंटमध्ये राखेचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते. जितकी राख वापरली जाते, तितके क्लिंकर कमी लागते. क्लिंकर तयार करताना चुनखडीतून आणि इंधनातून कर्बवायू बाहेर पडत असल्याने ही बचत पर्यावरणदृष्ट्या महत्त्वाची आहे.

शेतातील सुपीक माती भाजून केलेल्या विटांऐवजी दाबून केलेले मातीचे ठोकळे वापरता येतात. मात्र निव्वळ काळी माती त्यासाठी योग्य नसते. तिच्यात वाळू किंवा मुरूम मिसळून चुन्याने अथवा सिमेंटने स्थिरीकरण करावे लागते. विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडणारी रचना वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात लोकप्रिय केली. तिने विटांची बचत होते व बंदिस्त हवेमुळे उष्णतारोधकताही वाढते. भूकंपप्रवण भागात अशा भिंतींच्या कोपऱ्यांत उभ्या सळया आणि जोते, खिडकीमाथा व छपराच्या पातळीवर सलग काँक्रीटचे पट्टे आवश्यक असतात.

संगणकीय साधने

वास्तुरचनेत वापरली जाणारी संगणकीय साधने स्थूलमानाने पुढील प्रकारची आहेत.

हवामान विश्लेषण : वर्षातील ८,७६० तासांचे तापमान, आर्द्रता, वारा आणि सौर प्रारण यांची माहिती असलेल्या संचिकेवरून सूर्यमार्ग, सावली आणि रात्रीच्या वायुवीजनाचा उपयोग तपासतात. ‘लेडीबग’ हे मुक्त साधन यासाठी वापरले जाते.

ऊर्जा प्रतिरूपण : इमारतीचे गणिती प्रतिमान तयार करून प्रत्येक तासाला आत येणारी व बाहेर जाणारी उष्णता मोजतात. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या पाठबळाने विकसित झालेले ‘एनर्जीप्लस’ हे यातील महत्त्वाचे मुक्त साधन आहे.

संरचना विश्लेषण : सान्त घटक पद्धतीत इमारतीची लहान लहान घटकांत विभागणी करून प्रत्येकातील दाब, ताण व विस्थापन काढतात. ‘स्टॅड प्रो’ व ‘ईटॅब्स’ या प्रणाली भारतात सर्रास वापरल्या जातात.

इमारत माहिती प्रतिमान : ‘बिम’ या संक्षेपाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत भिंत किंवा छप्पर हे केवळ रेषांचे चित्र नसते. त्याच्याशी जाडी, साहित्य, वजन व उष्णतावहनाचे गुणधर्म जोडलेले असतात. त्यामुळे वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि ऊर्जा विश्लेषक एकाच माहितीवर काम करू शकतात.

एकत्रित रचनापद्धती

ही साधने स्वतंत्रपणे वापरल्यास परस्परविरोधी शिफारशी निघू शकतात. ऊर्जा प्रतिरूपण जाड व जड छपराकडे झुकते, तर भूकंप विश्लेषण हलके छप्पर सुचवते. अभियंत्याने आराखडा पूर्ण केल्यावर उष्णतेचा विचार केला, तर बदलास फारसा वाव उरत नाही आणि उणीव वातानुकूलन यंत्रांनी भरून काढावी लागते. म्हणून दोन्ही तपासण्या आरंभापासून सोबत करतात.

पूर्वी घेतलेल्या ४ × ६ मीटर खोलीच्या बाबतीत छपराची जाडी, साहित्य, उष्णतारोधक थर आणि पृष्ठभागाचा रंग हे बदलते घटक मानून अनेक पर्याय आपोआप तपासता येतात. प्रत्येक पर्यायासाठी वजन, आडवे बल, खोलीतील तापमान, खर्च आणि साहित्यनिर्मितीत खर्ची पडलेली ऊर्जा काढतात. एका निकषात सुधारणा करण्यासाठी दुसऱ्यात तोटा सोसावाच लागेल, अशा पर्यायांचा संच शेवटी उरतो. त्यांतून निवड करणे हे संगणकाचे काम नसून रचनाकाराचे व राहणाऱ्या कुटुंबाचे असते.

अशा तुलनेतून दिसणारी मुख्य बाब म्हणजे धाब्याची दोन कामे वेगळी करता येतात. भार पेलण्यासाठी पातळ व सळयायुक्त स्लॅब, तर उष्णता रोखण्यासाठी त्यावर हलका उष्णतारोधक थर वापरल्यास धाब्यापेक्षा कमी वजनात कमी यू-मूल्य मिळते. हा थर स्लॅबच्या वर असणे महत्त्वाचे आहे. मग ऊन थरावरच अडते आणि रात्रीच्या हवेने थंड झालेला स्लॅब दिवसा खोलीतील उष्णता शोषून घेतो. छपरावर पांढऱ्या चुन्याचा हात दिल्यास बरेचसे ऊन परावर्तित होते. जुन्या स्लॅबच्या घरांसाठी हा विशेष स्वस्त उपाय आहे. स्लॅब ओतताना खालच्या, ताण सोसणाऱ्या भागातील काँक्रीटऐवजी कौले किंवा मातीची भांडी बसवण्याची पद्धतही आहे. त्या भागात काँक्रीट ताण घेत नसून सळया घेतात, या संरचनातत्त्वावर ती आधारलेली आहे.

तरीही सिमेंट व पोलादाच्या निर्मितीत मोठी ऊर्जा लागते आणि फोम खनिज तेलापासून बनतो. मातीचे धाबे मोडल्यावर मात्र मातीतच मिळते. त्यामुळे सुस्थितीतील जुने घर पाडण्यापूर्वी त्याच्या दुरुस्तीचा विचार करणे शाश्वततेशी अधिक सुसंगत ठरते. साचलेली जादा माती काढणे, कुजलेल्या तुळया बदलणे, तुळया व खांब धातूच्या पट्ट्यांनी जखडणे आणि भिंतींच्या माथ्यावर सलग पट्टा देणे हे उपाय अशा वेळी योजतात. किती माती काढली असता वजन पुरेसे कमी होईल आणि गारवाही टिकेल, हे ठरवण्यासाठी प्रतिरूपण उपयोगी पडते.

मर्यादा

संगणकीय निष्कर्षांची विश्वसनीयता पुरवलेल्या माहितीवर अवलंबून असते. मातीची घनता व उष्णतावहन गावागणिक बदलते. जुन्या लाकडाची ताकद पुस्तकातील सरासरीवरून ठरवता येत नाही. हवामानाच्या संचिका गतकाळातील नोंदींवर आधारित असल्याने वाढत्या उष्णतेच्या लाटा त्यांत पूर्णपणे उमटत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष घरात तापमापक ठेवून नोंदी घेणे, मातीचे नमुने तपासणे आणि संगणकाचे उत्तर साध्या हातगणिताशी ताडून पाहणे आवश्यक मानले जाते.

माणसांच्या सवयी हीदेखील प्रतिरूपणातील महत्त्वाची बाब आहे. रात्री खिडक्या उघडल्या जातील असे गृहीत धरून काढलेले तापमान, चोरी, डास किंवा आवाज यांमुळे खिडक्या बंद राहिल्यास खरे ठरत नाही. धाब्याचे घर दिवसाचा गारवा देत असे, पण रात्रीच्या झोपेसाठी त्याचे उघडे छप्परही तितकेच गरजेचे होते. नव्या घरात जिना, कठडा आणि वावरण्याजोगी गच्ची यांची तरतूद त्यामुळे औष्णिक आराखड्याचाच भाग ठरते.

हेही पहा

- खान्देश
- तापी नदी
- माळवद
- १९९३ चा किल्लारी भूकंप
- लॉरी बेकर
- शून्य सावली दिवस